केमो संपली, आता हृदयाकडे कोण बघणार?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आईचं (वय ६१, चोपडा तालुका) डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि शेक (रेडिएशन), सगळं होऊन वर्ष होत आलं. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात रिपोर्ट चांगले आहेत. घरी सत्यनारायणसुद्धा झाला. पण दिवाळीपासून तिला माडीवर चढताना दम लागतो आणि रात्री दोन उशांशिवाय झोप येत नाही. मामा म्हणतात केमोचा अशक्तपणा आहे, शेजारच्या काकू म्हणतात रक्त कमी असेल. तिला विचारलं तर एकच उत्तर, "माले काही व्हयेल नही शे."

केमोच्या आधी हृदयाचा इको काढला होता, त्यात हृदयाचं पंपिंग ६२ टक्के लिहिलंय. त्यानंतरचा एकही इको फाइलमध्ये नाही. केमोने हृदयावर परिणाम होतो हे खरं का? उपचार संपल्यावरही इको काढत राहावा लागतो का? आणि तो सांगायचा कोणी, कॅन्सरवाल्यांनी की हृदयवाल्यांनी? दोघांपैकी एकानेही विषय काढलेला नाही.

कापूसकोंड्या

दोन उशा लागतात, म्हणजे आडवं पडल्यावर दम लागत असेल. ते वाचल्यावर एवढंच सांगतो, इथल्या उत्तरांची वाट बघू नका. या आठवड्यातच दाखवा. गप्पा नंतर मारू.

भुसावळ_जंक्शन

घाबरवू नका हो त्यांना. माझ्या मावशीला केमोनंतर असाच दम लागायचा, हिमोग्लोबिन ८ निघालं. लोहाच्या गोळ्या आणि दोन बाटल्या रक्त, मावशी पुन्हा शेतावर. दर वेळी हृदयच असतं असं नाही.

सिस्टर_पारोळा

भुसावळ, मावशींचं रक्त तपासलं म्हणून कळलं ना? मग यांचंही तपासूनच कळेल. रक्तही तपासा आणि इकोही काढा.

मी केमो वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय. ताई, आधी आईच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं बघा. लाल रंगाचं औषध होतं का? ते चढवल्यावर लघवीही लालसर होते आणि बाया घाबरून धावत येतात. ते असेल तर प्रत्येक वेळी किती मिलिग्रॅम दिलं आणि किती वेळा दिलं, ते इथे लिहा. आणि शेक कोणत्या बाजूला दिला तेही.

तापीकाठची

सिस्टर, लाल होतं. आईला अजून लाल सरबत बघवत नाही. कार्डावर 'डॉक्सोरुबिसिन ९० मिग्रॅ' असं चार वेळा आहे, तीन-तीन आठवड्यांनी. मग पॅक्लिटॅक्सेल. शेक डाव्या बाजूला. बीपीची गोळी आधीपासून चालू आहे, शुगर नाही.

लबडब

मी नाशिकला हृदयरोग बघतो. इथे निदान करणार नाही, करूही नये. पण हिशोब मांडून दाखवतो, कारण तो रुग्णाच्या घरच्यांनाही करता येतो.

९० गुणिले ४ म्हणजे ३६०. या औषधाचा डोस शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो. आईचं ते दीड चौरस मीटर धरलं तर एकूण २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर भरतं. हा आकडा जन्मभर त्यांच्यासोबत राहणार. पुढे कधी पुन्हा याच गटातलं औषध द्यायची वेळ आली तर ते यात मिळवूनच मोजायचं. हा आकडा वाढत जातो तसं हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढतं. जुन्या अभ्यासांच्या एकत्रित आकडेवारीत ४०० ला साधारण ५ टक्के रुग्णांना हा त्रास दिसला आणि ५५० ला २६ टक्क्यांना, म्हणजे चौघांत एकाला. म्हणूनच या औषधाला आयुष्यभराची कमाल मर्यादा असते. युरोपच्या हृदयरोग संघटनेने २०२२ मध्ये या विषयावर सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात उपचार झालेल्यांसाठी २५० पासून पुढे जास्त धोक्याचा गट धरलाय. आई त्याच्या जरा अलीकडे आहेत. पण डाव्या बाजूचा शेक आणि बीपी धरलं तर त्यांना कमी धोक्यात मी बसवणार नाही.

उपचारानंतरच्या इकोबद्दल त्याच सूचना सांगतात की हे औषध घेतलेल्या प्रत्येकाचा इको उपचार संपल्यापासून वर्षभराच्या आत व्हावा, जास्त धोका असेल तर तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यात. यामागे कारण आहे. इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी २६२५ रुग्णांवर लक्ष ठेवलं, त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. सुमारे ९ टक्क्यांच्या हृदयावर परिणाम झाला आणि त्यातल्या ९८ टक्क्यांचा तो पहिल्या वर्षातच इकोवर सापडला. औषधं सुरू केल्यावर त्यांच्यातल्या ८२ टक्क्यांचं हृदय सुधारलं. मात्र पूर्वीइतकं सुधारलेले फक्त ११ टक्के. म्हणजे लवकर सापडलं तर हातात बरंच काही असतं, आणि दम लागेपर्यंत थांबलं तर त्यातलं काही गेलेलं असतं.

जाताना जुना ६२ वाला रिपोर्ट सोबत न्या. नुसता '५२' हा आकडा बघून कोणी म्हणेल ठीक आहे, पण ६२ वरून ५२ ला आलेलं हृदय वेगळं. १० अंकांनी घसरून ५० च्या खाली गेलं तर औषधं सुरू करण्यात वेळ घालवत नाहीत. जमलं तर स्ट्रेनसह इको काढा. एकूण टक्केवारी पडायच्या आधीच स्नायूचं आकुंचन कमी झालेलं त्यात दिसतं. सोबत ईसीजी, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. भुसावळ यांचा मुद्दा त्यात आलाच.

निवृत्त_हेडमास्तर

डॉक्टरसाहेब, माहिती चांगली आहे, पण मला या धाग्याची भीती वाटते. आमच्या गावात आजही माणसं केमोचं नाव काढलं की बुवाकडे जातात. त्यांनी हे वाचलं की म्हणतील, बघा, केमोने हृदय जातं! माझ्या ओळखीच्या एका बाईंनी 'औषध गरम पडतं' म्हणून निम्म्यात केमो सोडली, आणि पुढचं सांगायला नको. अशी चर्चा उघड्यावर करावी का?

देवपूरची

सर, उघड्यावरच करावी. मी स्वतः रुग्ण आहे.

मला हर-टू प्रकारचा स्तनाचा कॅन्सर होता. ट्रास्टुझुमॅब, वर्षभर दर तीन आठवड्यांनी. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, या इंजेक्शनने हृदय थोडं मंदावू शकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी इको, चुकवायचा नाही. मधल्या एका इकोत ४७ आलं. इंजेक्शन थांबलं, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांनी ५६, पुन्हा इंजेक्शन सुरू आणि कोर्स पूर्ण. आधी सांगितलेलं असल्यामुळे मी घाबरून पळाले नाही. पळतो तो ज्याला कोणी काही सांगितलेलं नसतं. तुमच्या ओळखीच्या बाईंना तरी कोणी नीट समजावलं होतं का?

निवृत्त_हेडमास्तर

नाही. ते मात्र खरं.

लबडब

सरांची काळजी रास्त आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. हृदयाच्या भीतीने केमो नाकारायची नाही. आज बहुतेक रुग्णांत कॅन्सरचा धोका हृदयाच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. आमचं काम केमो पूर्ण करू देण्याचं आहे, बंद पाडण्याचं नाही. मध्ये अडचण आली तर डोस, औषध किंवा देण्याची पद्धत बदलता येते. लाल औषधाचा लायपोसोमल प्रकार असतो, काही निवडक रुग्णांना हृदयाच्या संरक्षणासाठी डेक्स्राझोक्सेन देतात. पण हे ठरवायचं कॅन्सर आणि हृदयाच्या डॉक्टरांनी बोलून. पेशंटने व्हॉट्सअॅप वाचून नाही.

देवपूरकर ताईंच्या औषधाचा परिणाम बहुतेकदा भरून येतो. लाल औषधाने स्नायूच्या पेशी कायमच्या मरू शकतात. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

अमळनेरी

आमच्या बाबांचा किस्सा वेगळाच आहे. आतड्याचा कॅन्सर, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरीच घ्यायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. आदल्या रात्री शेतात भरीत पार्टी झालेली, बाबांनी स्वतःच ठरवून टाकलं की भरीत बाधलं. सोडा घेतला, ओवा खाल्ला. आईने ऐकलं नाही, रिक्षात घालून नेलं. ईसीजीत बदल दिसले. डॉक्टर म्हणाले, या गोळीने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. गोळी बंद केली, दुखणं थांबलं, पुढे वेगळं औषध दिलं. धमन्यांमध्ये एकही ब्लॉक नव्हता बरं का.

तेव्हा कॅपेसिटाबिन किंवा फाइव्ह-एफयू (त्याच गटातलं इंजेक्शन) चालू असताना छातीत दुखलं तर पित्त पित्त करत बसू नका. गोळी थांबवून लगेच दवाखाना.

खापरावरचे_मांडे

भरताची नाहक बदनामी केल्याबद्दल निषेध! :)

अमळनेरी

बाबांनी आजवर माफी मागितलेली नाही. भरताची.

रावेरचा_केळीवाला

भरताचं सोडा, आमचं ऐका. चुलत्याला हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टर म्हणे केळी कमी करा. केयीच बंद? मंग रावेरात राह्याचं कायले? बागेत घड लटकलेत आणि चुलते सफरचंद विकत आणून खाताहेत, तेही हिमाचलचं!

लबडब

केळीवाले, हसलो, पण चुलत्यांच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं. एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. पोटॅशियम फार चढलं तर ठोके बिघडतात. केमोने किडनी आधीच थकलेली असेल तर आणखी जपायचं. म्हणून या गोळ्या सुरू झाल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासतात. रिपोर्ट चांगला असेल तर एखादं केळं चालतं का, हे त्यांनाच विचारा, बहुतेक जण पूर्ण बंद करत नाहीत. याच्या उलट जुलाब-उलट्या झाल्या किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल तर पोटॅशियम घसरतं, तेव्हा तेच डॉक्टर केळं खा म्हणतील. सगळ्यांना एकच नियम नाही.

आणखी एक. 'बीपीवाल्यांचं कमी सोडियमचं मीठ' म्हणून जी पाकिटं मिळतात त्यात सोडियमऐवजी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. या गोळ्या चालू असताना ते स्वतःच्या मनाने आणू नका. साधंच मीठ, पण कमी. बिबडे, पापड, लोणचं, शेवभाजीवरची शेव, मीठ सगळ्यात जास्त तिथे लपलेलं असतं.

खापरावरचे_मांडे

शेवभाजीपण गेली. डॉक्टर, तुम्ही नक्की नाशिकचेच ना? खान्देशी माणूस असं लिहिणार नाही.

लबडब

सासुरवाडी पाचोऱ्याची आहे. शेवभाजी खाऊनच लिहितोय.

भुसावळ_जंक्शन

थोडं अवांतर, पण उपयोगाचं. टाटाला परळला जाणाऱ्यांनी रेल्वेची सवलत घ्या. कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. तपासणीसाठी पुन्हा जातानाही चालतो. आमच्याकडे कितीतरी लोक जनरलच्या डब्यात दारात बसून जातात आणि दम लागला म्हणतात. आधी झोपून तरी जा.

शिरपूरचा_पाहुणा

दाखला तिथल्या खिडकीवरच मागायचा का? नंदुरबारकडच्यांना सुरतमार्गे जायचं असेल तर?

भुसावळ_जंक्शन

दवाखान्याच्या समाजसेवा विभागात विचारा, ते करून देतात. सवलत तुमच्या स्टेशनपासून दवाखान्याच्या स्टेशनपर्यंत असते. सुरतमार्गे चालेल का, ते आरक्षणाच्या खिडकीवर विचारून घ्या.

विडी_सोडलेला

सगळे स्तनाच्या कॅन्सरवर बोलताहेत. आपल्या भागात तंबाखूपायी तोंडाचे रुग्ण काय कमी आहेत? मी त्यातलाच. गालाचं ऑपरेशन, मग मानेला शेक आणि सिस्प्लॅटिन. मला तर लाल औषध नव्हतं. म्हणजे मी सुटलो का?

लबडब

सुटला नाहीत, तुमची काळजी दुसरीकडे. मानेच्या शेकाने मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या काही वर्षांनी अरुंद होऊ शकतात, म्हणजे पक्षाघाताची भीती. त्यांची सोनोग्राफी अधूनमधून करतात, तुमच्या डॉक्टरांना विचारा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा. थायरॉइडही तपासा, मानेच्या शेकाने तो मंदावतो आणि मग कोलेस्टेरॉल वाढतं. सिस्प्लॅटिनने मॅग्नेशियम कमी होतं आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. एक पाय अचानक सुजला तर थांबू नका.

विडी सोडलीत हे उत्तम. तंबाखूची पुडी?

विडी_सोडलेला

तीही. आयडी बनवताना जागा पुरली नाही.

सिस्टर_पारोळा

डाव्या बाजूच्या शेकाबद्दल लिहायचं राहिलं. ज्यांचा शेक अजून व्हायचाय त्यांनी 'श्वास रोखून शेक' मिळेल का ते विचारा. खोल श्वास घेऊन थांबलं की फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं आणि त्याच्यावर किरण कमी पडतात. सगळीकडे ती सोय नसते, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आम्ही बायांना आधीपासून घरी श्वास धरायचा सराव करायला सांगायचो. विहिरीत पोहणाऱ्यांना पटकन जमतं. :)

लबडब

+१. २०१३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयावर पडणाऱ्या दर एक ग्रे (शेकाचं माप) शेकामागे हार्ट अटॅकसारख्या घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढताना दिसला. वाढ पहिल्या पाच वर्षांत सुरू होते आणि वीस वर्षांनंतरही चालू राहते. म्हणून शेक घेतलेल्यांनी 'आता दहा वर्षं झाली, सुटलो' असं मानायचं नाही.

गिरणाकाठ

माझ्या भाच्याचं विचारायचं होतं. लहानपणी रक्ताचा कॅन्सर, टाटाला पूर्ण बरा झाला. आता २१ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे धावणं, संध्याकाळी जिम. त्याला काही त्रास नाही. घरात कॅन्सरचा विषयसुद्धा काढायचा नाही, मुलाच्या लग्नाला आड येईल म्हणून. अशा मुलालाही इको?

लबडब

होय, त्रास नसला तरी. बालपणीच्या रक्ताच्या कॅन्सरमध्येही बहुधा लाल औषधाच्याच गटातलं औषध असतं, आणि परिणाम पंधरा-वीस वर्षांनीही वर येऊ शकतो. डोसवरून ठरतं, जास्त धोका असेल तर दर दोन वर्षांनी, मध्यम असेल तर पाच वर्षांनी इको. टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा दवाखाना आहे, एसीटी क्लिनिक. तिथे विचारा, एकूण डोसचा हिशोब मिळेल. धावणं चांगलंच आहे. मात्र श्वास कोंडून जड वजनं उचलणं इको बघितल्याशिवाय नको. आणि अशा मुलींनी गरोदरपणात डॉक्टरांना जुना आजार सांगायलाच हवा. लपवलं तर बाळंतपणात हृदयावर ताण येईल आणि डॉक्टरांना कारणच माहीत नसेल.

गिरणाकाठ

बहिणीला कसं सांगायचं बघतो. भाच्यालाच सरळ सांगेन, तो समजूतदार आहे.

तापीकाठची

सगळ्यांचे आभार. इको झाला. ४६ आलाय. हिमोग्लोबिन ११.२, थायरॉइड बरोबर.

जळगावच्या हृदयाच्या डॉक्टरांनी आधी विचारलं केमो कोणती होती. मी सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे कार्डाची झेरॉक्स पुढे केली, २४० चा आकडाही लिहून नेला होता. ते थेट कॅन्सरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. कार्व्हेडिलॉल, रामिप्रिल, डापाग्लिफ्लोझिन आणि लघवीची गोळी सुरू झालीय. पोटॅशियम आठवड्याने. आता एका उशीवर झोपते. पुढचा इको तीन महिन्यांनी. रोज सकाळी वजन करायला सांगितलंय, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. आई म्हणते कापूस मोजायचा काटा आणा, मीच बसते.

एक प्रश्न. पाणी दिवसाला दीड लिटर सांगितलंय. आता थंडी आहे म्हणून जमतंय. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला जातो, पत्र्याचं घर आहे. तेव्हा काय करायचं?

कापूसकोंड्या

४६ वाचून वाईट वाटलं, एक उशी वाचून बरं वाटलं.

देवपूरची

ताई, गोळ्यांनी पहिले काही दिवस उठताना चक्कर येते. आईंना पलंगावरून झटकन उठू देऊ नका, रात्री तर नाहीच. मी एकदा न्हाणीघरात पडता पडता राहिले.

लबडब

प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवा. ४५ अंशात घाम एवढा जातो की दीड लिटर कमी पडू शकतं. आणि लघवीची गोळी, रामिप्रिल, डापाग्लिफ्लोझिन एकत्र असताना पाणी कमी पडलं तर बीपी पडतं, किडनीवर येतं. उन्हाळ्यात पाण्याची मर्यादा आणि गोळ्यांचा डोस बदलावा लागतो, पण तो डॉक्टर बदलतील. वजनाचा काटा इथे उलट्या बाजूनेही वापरा. दोन दिवसांत वजन भराभर उतरलं, चक्कर आली, लघवी कमी झाली तर फोन करा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी फोन करून कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा. ओआरएसची पाकिटं आणि मिठाचं ताक मनाने सुरू करू नका, त्यात मीठ असतं. दुपारी पत्र्याखाली राहायचं नाही.

तापीकाठची

समोरच्या काकूंचं मातीचं धाब्याचं घर आहे, दुपारी तिथे सोय करता येईल. मीठ न घालता ताक चालेल ना?

लबडब

चालेल. दीड लिटरमध्ये मोजा मात्र.